फाळक्याची गाडी

आमच्याकडे माणूस दारात आला की आधी खबर विचारतात, आणि खबर कधीच नसते. "काय खबर?" "काही नाही, सगळं शांत." घरात कोणी वारलेलं असलं तरी दारात हेच उत्तर. पाहुणा आत येतो, खजूर खातो, कॉफी पितो, पुरे झाली म्हणून पेला हलवून परत देतो, आणि मग खरी खबर निघते. माझी मुलगी शम्सा मस्कतला शिकते. फोनवर तीही म्हणते, काही खबर नाही. मग मी फोन ठेवते आणि तिच्या आवाजाचा विचार करत बसते.

माझे वडील खलफान यांनी उभी हयात पाण्याचा टँकर चालवला. बिदिया गावात भरायचा आणि वाळूतल्या वस्त्यांवर रिकामा करायचा. वस्ती हलली की टँकरची वाटही बदलायची. आता त्या वस्त्याच उरल्या नाहीत. माणसं सिमेंटच्या घरांत आली, तसे आम्हीही आलो. पण बाबांची एक सवय टँकरच्या दिवसांपासून तशीच आहे. घरी आले की उंबऱ्यातून आईला विचारायचं, "झुवैना, काय खबर?" आई आतून म्हणायची, "काही नाही." की हे हात धुवायला जायचे. त्यांचा संसार एवढ्या बोलण्यावर चालत आला.

टँकर सुटल्यावर बाबांनी एकच गोष्ट मनात धरली. येत्या हिवाळ्यात आईला घेऊन वाळूत राहायचं, लग्नानंतर त्यांचा तळ जिथे होता त्या घाफच्या झाडांपाशी. तंबू आता जमण्यासारखा नव्हता, म्हणून जुनी दणकट गाडी घ्यायची, मागची बाकं काढून फळ्यांवर गादी घालायची, एक पाण्याची टाकी, एक शेगडी. आई एकदाच म्हणाली होती, "तिथे एका सकाळी जाग यावी. मला दुसरं काही नको." तेवढ्यावर बाबा निघाले.

त्यांना लांबचं नीट दिसत नाही, म्हणून गाड्या बघायला नेण्याचं काम माझ्याकडे आलं. आठवडाभर शाळेत मुलांना ओरडायचं आणि शुक्रवारी लोकांच्या अंगणात गाडीखाली बॅटरीचा उजेड धरायचा. घरी येईपर्यंत माझ्या दाताखाली वाळू असायची.

पहिली होती एक जुनी लँडरोव्हर. तिचा पत्रा गंजणारा नव्हता, पण दारं इतकी सैल झाली होती की फटीतून पलीकडची बकरी दिसत होती.

"हिच्यात झोपायचं म्हणजे चाळणीत झोपायचं," बाबा म्हणाले.

दुसरी अश्खऱ्याला, समुद्रावर. लँडक्रूझर, जुन्या ठेंगण्या बांध्याची. मालक जुमा मासेमारी करायचा. गाडीने जाळी वाहिली होती आणि खाऱ्या वाऱ्याने दारांखालची पट्टी खाल्ली होती. बाबांनी किल्ली टोचली तर ती आत गेली.

"जुमा, हिला समुद्राने अर्धी खाल्लीय."

"मग उरलेली अर्धी तू घे. समुद्राला चव असते, खलफान, तो वाईट वस्तू खात नाही."

"वासही तुझाच आहे तिला."

"वास फुकट देतो." जुमाने मागचा फाळका खाली पाडला. तो फळीसारखा आडवा झाला, गुडघ्यापेक्षा जरा वर. जुमा त्यावर बसला आणि पाय हलवत आम्हाला खजूर देऊ लागला. बाबांनी खजूर घेतले, गाडी घेतली नाही.

तिसरी मात्र त्यांच्या मनात भरली. इब्रा गावातल्या एका निवृत्त शिपायाची लांब लँडक्रूझर. चासीला गंज नाही, मागचे स्प्रिंगचे पाटे शाबूत, डिझेलच्या दोन टाक्या, आत दोन माणसं पाय पसरून झोपतील एवढी जागा. बाबा आत आडवे झाले, ते उठेचनात. शिपाई भला माणूस. म्हणाला, "घरी दाखवून आण. बाईमाणसाला पसंत पडू दे."

आम्ही ती दारात आणली. आई ओढणीला हात पुसत बाहेर आली. गाडीची मागची दोन्ही दारं बाबांनी कवाडासारखी उघडली. तळ आईच्या कमरेशी होता आणि बंपर पुढे आलेला.

"कशी आहे?"

"छान आहे. माशाल्लाह." आईने दारावर हात फिरवला.

"मग चढून बघ ना."

"पीठ मळून ठेवलंय," आई म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळी त्यांनी पुन्हा विचारलं. तेव्हा तिला शेजारच्यांकडे जायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं डोकं दुखत होतं. बाबांनी दारं लावली आणि मला म्हणाले, "गाडी परत करून ये. तिला यायचंच नाहीये."

"असं ती म्हणाली?"

"म्हणायला कशाला हवं? एवढी वर्षं काय झोपा काढल्या? आता दुसरीही बघायची नाही, पोरी. संपलं."

ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. हट्टी माणूस थकला की घर जड होतं.

मी आईकडे बघत राहिले. ती न्हाणीचा उंबरा ओलांडताना चौकट धरत होती. नमाज खुर्चीवर बसून पढत होती. मला वाटलं होतं, वयामुळे. मी विचारलं, "आई, काय होतंय तुला?"

"काही नाही."

उत्तर कुठे मिळेल हे मला तेव्हा सुचलं. मी वेलची घालून कॉफी केली, पाहुण्यांची मोठी दल्ला, चोचीची कॉफीची सुरई, काढली, खजुराचं ताट मांडलं आणि दोघांना समोरासमोर बसवलं.

"कोण येतंय?" बाबांनी विचारलं.

"तुम्हीच आलायत. प्या."

प्यायले. आईने पेला हलवून परत दिला, बाबांनीही दिला. मग मी म्हणाले, "बाबा, आता विचारा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. "झुवैना, काय खबर?"

आई आधी हसली. मग तिने उजव्या कमरेवर हात ठेवला. "हा पाय उचलत नाही. गेल्या रमजानपासून. तुझी ती गाडी राजवाडा आहे, पण मी तिच्यात चढू शकत नाही. आणि तू मला पिशवीसारखी उचलून टाकावंस, शेजाऱ्यांदेखत, ते मला नको."

"रमजानपासून? मी रोज विचारत होतो."

"तू दारात विचारत होतास," आई म्हणाली. "दारात कोणी खबर देतं?"

 बाबांनी पुन्हा पेला पुढे केला आणि मी तो भरला.

डॉक्टरांनी सांधा झिजलाय म्हणून सांगितलं. गोळ्या आणि काठी दिली. शिपायाची गाडी परत गेली. पुढच्या शुक्रवारी आई माझ्या शेजारी बसली आणि आम्ही अश्खऱ्याला गेलो. जुमाने काही न विचारता फाळका खाली पाडला. आई पाठमोरी झाली, टेकली, दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून आत घेतला आणि सरकत सरकत पार पुढच्या सीटला जाऊन टेकली. तिथून म्हणाली, "वास आहे."

"तो फुकट आहे," जुमा म्हणाला.

दारांखालच्या पट्ट्या नव्याने जोडून घेण्यात अर्धा हिवाळा गेला. फळी बाबांनी फाळक्याच्या बरोबरीने बसवली. सरकताना आईच्या पायाला मध्ये काही लागू नये म्हणून कड घासत राहिले. वास काही गेला नाही.

मग ते दोघं निघाले. बाबांना रस्ता दिसत नाही, पण वाळूत रस्ता नसतोच, असं त्यांचं म्हणणं. मी बरंच भांडले. शेवटी घाफच्या झाडांपर्यंत मी माझ्या गाडीने पुढे गेले, बाबा माझ्या मागोमाग गाडी हाकत आले, त्यांना तिथे सोडलं आणि परत आले. तिथे फोन लागत नाही. मी शाळेत शिकवत होते, पण काय शिकवलं ते आठवत नाही.

ठरल्या दिवशी आणायला गेले तेव्हा फाळका खाली पडलेला होता आणि आई त्यावर पाय सोडून बसली होती. बाबा शेगडीशी खटपट करत होते.

"काय खबर?" मी लांबूनच विचारलं.

"काही नाही," आई म्हणाली. "बस आधी. कॉफी होतेय."