बिरोबाच्या पाच पायऱ्या

तात्याबा काहीतरी लपवतोय हे मला पहिल्याच दिवशी कळलं. म्हातारा बोलताना समोरच्याकडं बघत नव्हता, नदीकडं बघत होता. माझी शाळा सातवीत सुटली, पण तहसिलीच्या व्हरांड्यात वीस वर्षं काढलीत. नजर चुकवणारा माणूस मला लांबून ओळखू येतो.

साल चौऱ्याण्णव. निरवांगी गावाच्या खालच्या अंगाला, नीरेच्या काठावर, पांढरीचं टेकाड आहे. पूर्वी तिथं गाव होतं म्हणतात. ते मोडलं, पांढरी माती राहिली. वर बिरोबाचं दगडी देऊळ, भोवती सपाटी. आमच्या बौद्ध वस्तीतली चोवीस घरं दर पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यात भिजायची. सात वर्षं अर्ज केले, दोनदा उपोषणाला बसलो, तेव्हा कुठं घरकुलांसाठी ती सपाटी मंजूर झाली. वस्तीनं आठ दिवसांत सह्या-अंगठे द्यायचे, नाहीतर मंजुरी रद्द.

तात्याबा टेकाडाच्या पायथ्याला राहणारा धनगर. सत्तरीचा, काटक, खांद्यावर घोंगडं. एकेकाळी दोनशे मेंढरं होती. आता घरचा ऊस होता, नातू यशराज ट्रॅक्टर चालवायचा आणि म्हाताऱ्याकडं सवयीपुरती बारा मेंढरं उरली होती. पावसाळ्यात तो ती सपाटीवरच बसवायचा. आमच्या बैठकीला न बोलावता आला, दाराशी बसला आणि म्हणाला, "तितं घरं बांधू नका. बुडतंय ते."

वस्तीतली सगळ्यात तिखट बाई म्हणजे केसरबाई. ती म्हणाली, "आमी आलो की देव बुडतो व्हय, तात्या?"

सगळे हसले. तात्याबा नाही हसला. "देवाचं न्हाय म्हनत, केसरबाई. पान्याचं म्हनतोय."

"पानी बी जात बघून चढतं का?"

आमचे साहेबराव गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, कागदाचे पक्के. त्यांनी जुन्या गावदप्तरातली नक्कल आणली होती. इंग्रज अमदानीतल्या मोठ्या पुरात काठ वाहून गेला, पांढरीची सपाटी मात्र कोरडी राहिली, असं त्यात साफ लिहिलेलं. तात्याबा मान खाली घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला धरायलाच गेलो. आधी गोड बोललो. जुन्या पुराचं विचारलं, तसा म्हातारा खुलला.

"मी अकरा वर्साचा. वर घाटात तीन दिस पाऊस. नीरा अशी आली की आवाजच न्हाय, नुसती रुंद झाली. बापानं मेंढरं टेकाडावर घातली. पानी सपाटीच्या हातभर खाली थांबलं. सगळी वाचली, एक कोकरू सोडून."

"म्हणजे सपाटी कोरडी राहिली?"

"राहिली की."

"मग आता कशी बुडती? तुमची मेंढरं असली की कोरडी, आमची पोरं आली की बुडती? कुणी शिकवलं हे?"

म्हातारा दोरी वळत होता. वळतच राहिला. मी उठलो आणि त्याच दिवशी गावभर सांगितलं की तात्याबाला कुणीतरी विकत घेतलंय. मी ते आता नाकारत नाही.

सहाव्या दिवशी गुरुजी आणि मी टेप घेऊन सपाटी मोजायला गेलो. गुरुजींचा गुडघा दुखत होता म्हणून ते देवळाच्या पायऱ्यांवर टेकले. बसल्या बसल्या माझ्यावर खेकसले, "अरे, हे बघ जरा."

पायऱ्या पाच. वरच्या दोन घडीव काळ्या दगडाच्या, तिसरी ओबडधोबड, चौथी विटांची, सगळ्यात खालची सिमेंटची. तिच्यावर कुणीतरी ओल्यातच बोटानं ८९ लिहिलेलं.

"एकदम बांधल्या असत्या तर एकसारख्या असत्या," गुरुजी म्हणाले. "ह्या एकेक करून खाली वाढल्यात."

देऊळ तर वर सरकत नाही. मी तसाच खाली तात्याबाच्या दारात गेलो.

"तात्या, तुमच्या लहानपणी देवळाला पायऱ्या किती होत्या?"

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. "एक बी न्हाय. कोकरू चालत उंबरा वलांडायचं."

"माती कुठं गेली?"

"रानात. पांढरीच्या मातीवर ऊस लई जोमानं येतो. पयली गाडी माजी, भात्तरच्या दुष्काळानंतरची. मग शेजारच्या अंथुर्ण्याच्या गाड्या आल्या, मग वीटभट्टीच्या ट्रॉल्या. सांगू कुनाला? समदा गाव चोर, आन् पयला मी." मग म्हणाला, "तुजा बाप बी भरायचा माज्या गाड्या. रोजानं."

मी वस्तीची वाट धरली.

वस्तीत येऊन म्हणालो, सह्या करू नका. केसरबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "किती घेतलंस रं धनगराकडनं?"

संशय घ्यायला ह्यांना मीच शिकवलं होतं. आता बोलणार कोणाला?

"पैसं मग मोज," मी म्हणालो. "आधी टेकाडावर चल."

सगळी वस्ती गेली. तात्याबानं उंबऱ्यापासून हातभर खाली, जुन्या पुराचं पाणी थांबलं होतं तिथं, दोरीचं एक टोक धरलं, गुरुजींनी दुसरं टोक धरून ती सपाटीवर सरळ ताणली. केसरबाई मधे उभी राहिली. दोरी तिच्या छातीला लागली. शेजारी तिची चार वर्षांची नात, मोनाली. तिच्या डोक्यावरून दोरी वीतभर वर गेली.

केसरबाईनं पोरगी उचलून काखेला मारली आणि उतरायला लागली. जाता जाता तात्याबाला म्हणाली, "आधी बोलला असता, तर तोंड झडलं असतं का?"

एकही अंगठा उठला नाही. मंजुरी गेली ती गेलीच. दोन वर्षं पुन्हा व्हरांडे झिजवले, तेव्हा वरच्या मुरमाड माळावर अठरा घरांची जागा मिळाली. सहा घरं अजून ओढ्याला आहेत. माळावरून पाणी आणायला मैलभर चालावं लागतं. बायका हंडे उतरवताना मला शिव्या घालतात, ऐकून घेतो.

पुढं एका पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं आणि ते बिरोबाच्या तिसऱ्या पायरीला लागलं. दुसऱ्या दिवशी तात्याबा खराट्यानं गाळ काढत होता. केसरबाई मुद्दाम बघायला आली होती. म्हणाली, "अजून दोन पायऱ्या कोरड्या हायत की, तात्या. उगंच आमाला माळावर धाडलंत." आणि त्याच्या हातातला खराटा घेऊन खालच्या पायऱ्या झाडायला लागली.

गेल्या वर्षी तात्याबा गेला. मी अजून आठवड्यातून एकदा टेकाडाला चक्कर मारतो. मातीची ट्रॉली दिसली की नंबर वहीत लिहितो. परवा एक नवा नंबर लिहिला. ट्रॅक्टर यशराजचा होता.