बारावी गादी

पिक्चरमध्ये कोणी गच्चीवरून उडी मारली की सगळं थिएटर त्या माणसाकडे बघतं. आमचा दादा जमिनीकडे बघायचा. माणूस अजून हवेत, तोवर याची नजर खाली जाऊन बसलेली. "खोकी लावलीत," तो माझ्या कानात सांगायचा, "वर चादर टाकलीय बघ." मी म्हणायचे, "दादा, मला गोष्ट बघू दे की रे." पण त्याची गोष्ट तीच होती, त्याला काय सांगणार?

आमचं गाद्यांचं दुकान. वडिलांनी थाटलं, दादाने चालवलं, आणि मी मागच्या खोलीत खोळी शिवायचे. पुढे काउंटर, मधे कापूस पिंजायची मशीन, मागे माझी शिलाईची मशीन आणि भिंतीला दाभणांचा डबा. कापूस इतका बारीक उडायचा की संध्याकाळपर्यंत आम्ही भाऊबहीण पांढऱ्या केसांचे, पांढऱ्या भुवयांचे म्हातारे दिसायचो. तेव्हा एकमेकांना हसायचो. आता केस झटकले तरी काही उपयोग नाही.

दादाला रडारडीचे पिक्चर नको असायचे, गाणीही नको. त्याला हवे डुप्लिकेटांचे पिक्चर. म्हणजे हिरोच्या नावाने पडणारा, मार खाणारा, पेटणारा माणूस ज्यात स्वतःच हिरो असतो, आणि एवढं सगळं सोसून वर हसवतो. त्या काळात तसल्या पिक्चरची लाटच आली होती. शेजारच्या गल्लीत थिएटर. नवा पिक्चर लागला की पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला दादा हजर, मग दुकानात गिऱ्हाईक असो नाहीतर आग लागो. परत आला की काउंटरवर चढून सगळा पिक्चर करून दाखवायचा. "तो पडतो म्हणून तुमचा हिरो उभा आहे," हे वाक्य त्याने मला, वहिनीला, दूधवाल्याला आणि एकदा वीजबिल तपासायला आलेल्या साहेबालाही ऐकवलं होतं.

तयार झालेली प्रत्येक गादी तो पडून बघायचा. आडवा होऊन बघणं नव्हे, चक्क स्टुलावर उभं राहून पडणं. हनुवटी छातीला, खांदा आधी, मग पाठ, हात मोकळे. एकदा एक आजोबा उशी घ्यायला आले आणि त्यांच्यासमोर हा धाडकन कोसळला. त्यांना वाटलं, याला फेफरं आलं. माठातलं तांब्याभर पाणी त्यांनी दादावर आणि नव्या गादीवर सारखंच ओतलं. वहिनी लग्न होऊन नवीनच आली होती. तिने मला हळूच विचारलं, "वन्सं, हे पहिल्यापासूनच असे आहेत का?" मी म्हटलं, "नाही गं, आता जरा सुधारलाय."

मलाही त्याने पडायला शिकवलं. मी तेव्हा कुरकुर केली, पण साठीनंतर एकदा न्हाणीघरात पाय घसरला आणि हनुवटी आपसूक छातीला टेकली. कोपर सुजलं, मोडलं काही नाही. डॉक्टर म्हणाले, नशीब. मी म्हटलं, नशीब कसलं, दादा.

तर एक दिवस दुकानात एक घामाघूम माणूस आला. गावाबाहेरच्या जुन्या इमारतीत शूटिंग चाललंय, बारा गाद्या हव्यात, भाड्याने, गुरुवारी सकाळी. तिसऱ्या मजल्यावरून एक डुप्लिकेट पडणार आहे. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत दादा "हो" म्हणून मोकळा. चार दिवसांत बारा गाद्या! पण डुप्लिकेटांचाच पिक्चर, तोही हसवणारा, आणि खाली आपली गादी. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

बुधवारी दुपारपर्यंत अकरा झाल्या. कापूस संपला. खोळींचं लाल पट्ट्यांचं कापड, गादीपाट, तोही संपला. कोपऱ्यात कोणीतरी परत केलेली एक जुनी गादी पडून होती. मी म्हटलं, "यातलाच कापूस भर."

दादा म्हणाला, "अगं, गोळे झालेत त्यात. पिंजल्याशिवाय भरता येणार नाही, आणि पिंजायला वेळ नाही."

"मग तसाच भर. अकरांच्या गर्दीत बारावीला कोण विचारतंय?"

"त्यावर माणूस पडणार आहे. झोपणार नाही."

चार दिवस शिवून माझ्या पाठीचा काटा ढिला झाला होता, आणि हा मला शहाणपण शिकवत होता. मी जे तोंड सोडलं ते सोडलं. नाही ते बोलले. हावरेपणाने हो म्हणताना कापूस मोजला नाहीस, असंही बोलले. आमच्या घरात भांडण झालं की पडतं दादाच घ्यायचा. त्याने तेव्हाही घेतलं. त्याने जुना कापूस भरला, मी उरलेल्या निळ्या पट्ट्यांच्या कापडाची खोळ शिवली. बारा गाद्यांत ती एकच निळी. तिच्यावर मात्र तो पडून बघायला तयार होईना.

गुरुवारी टेम्पोबरोबर तो स्वतः गेला, पण फाटकाच्या आत त्याला कोणी घेतलं नाही. सोमवारी गाद्या परत आल्या. अकरा. सगळ्या लाल.

"बारावी?" दादाने टेम्पोवाल्याला विचारलं.

"ती राहिली तिकडे. काहीतरी झालं म्हणे. मला काय माहीत."

दादा होता तसा सायकलवर बसला. इमारतीत चिटपाखरू नव्हतं. सगळे आपापलं सामान घेऊन दुसऱ्या गावी गेले होते. त्याने कंपनीला दोन पत्रं टाकली. उत्तर नाही.

आठ महिन्यांनी पिक्चर लागला. आम्ही दोघं गेलो. काय हसत होते लोक! पिवळ्या शर्टातला हिरो तिसऱ्या मजल्याच्या सज्जात चहाची किटली घेऊन गुंडांना चुकवतोय, कठडा तुटतो, पिवळा शर्ट किटलीसकट खाली येतो, डावा हात पंखासारखा पसरून. धप्प. आणि लगेच पुढच्या चित्रात हिरो ताठ उभा, किटलीतून कपात चहा ओततोय, एक थेंब सांडलेला नाही. थिएटर नुसतं कोसळलं. दादाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. कारण त्या धप्पच्या वेळी, पापणी लवेपर्यंत, पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात गादी दिसली होती. निळे पट्टे.

बाहेर आल्यावर त्याने विचारलं, "उठला का गं तो?"

"उठला ना. चहा नाही का ओतला?"

"तो हिरो. मी पडलेल्याचं विचारतोय."

मी म्हटलं, "उठला असेल. न उठायला काय झालं?" पण त्याच्याकडे बघून म्हटलं नाही. कापूस भर म्हणणारी मीच.

तो पिक्चर अकरा आठवडे चालला. दादाने बावीस वेळा पाहिला. एखाद्या वेळी काही दिसेल, एखादा हात हलेल, मान वळेल. पण धप्प झालं की हिरोच उभा. पुढच्या प्रत्येक पिक्चरमध्ये तो डावा हात शोधायचा. कोणी पडलं की खांदा बघायचा, हात बघायचा, आणि "हा तो नव्हे" म्हणायचा. तो हात पुन्हा कधी दिसला नाही. ऑपरेटरशी त्याची दोस्ती होती, त्यालाही विचारून झालं. ऑपरेटर काय सांगणार? मालकाची त्याला सक्त ताकीद होती, पिक्चरच्या शेवटी हिरोने चहा ओतला की मशीन बंद, दिवे चालू, पुढच्या खेळाचे लोक दारात उभे असतात.

जुना कापूस पुन्हा भरायचा नाही, असा दादाने कानाला खडा लावला. गिऱ्हाईक स्वतः म्हणालं तरी हा नाही म्हणायचा. डुप्लिकेटांचे पिक्चर मात्र सोडले नाहीत, तसाच पोट धरून हसायचा, तसाच काउंटरवर चढायचा. फक्त ती किटलीची जागा त्याने कधी करून दाखवली नाही. वहिनीने इकडे गावभर करून ठेवलं होतं, "ह्यांची गादी पिक्चरमध्ये आहे, कोपऱ्यात दिसते." दादा विषय बदलायचा. लोक म्हणायचे, काय विनयशील माणूस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तशी मी मूग गिळून बसायचे. "दादा, माझं चुकलं," एवढे तीन शब्द. अडतीस वर्षांत तोंडातून फुटले नाहीत.

मग फोमच्या गाद्या आल्या. पिंजायची मशीन भंगारात गेली. थिएटरात कपाटांचं गोदाम झालं, तिकीटखिडकीत आता चौकीदार डबा खातो. त्या गल्लीतून जाताना अजून मला भिजलेल्या तिकिटांचा आणि खाऱ्या दाण्यांचा वास येतो. भास असेल, पण येतो. दुकान होतं, कापूस होता, दादा काउंटरवर चढून पेटलेल्या माणसाची नक्कल करत होता, तेव्हा मी त्याला खाली उतर म्हणून ओरडत होते. काय घाई होती मला, कोण जाणे.

गेल्या रविवारी दुपारी दादाच्या मुलीने फोन केला, "आत्या, ये लवकर. बाबांचा तो पिक्चर सापडला." गेले. टीव्हीसमोर दादा खुर्चीत, काठी मांडीवर आडवी. वहिनी खाली शेंगा सोलत बसलेली. पिक्चर सुरू झाला. किती वेडगळ पिक्चर! आणि तरी मी हसले. किटलीची जागा आली. पिवळा शर्ट, डावा हात, धप्प, निळे पट्टे. भाची ओरडली, "बाबा, दिसली! खरंच दिसली!" वहिनीने माझ्याकडे बघून मान उडवली, म्हणजे बघा, मी काय सांगत होते. दादाने काठी घट्ट धरली होती.

हिरोने शेवटचा चहा ओतला तसा दादा उठला. सवय. "चला," म्हणाला. भाची चहा टाकायला आत गेली, आणि रिमोट वहिनीच्या सालपटांखाली कुठेतरी गेला, म्हणून टीव्ही कोणी बंद केला नाही. नावं वर सरकू लागली. बाजूला एका चौकोनात शूटिंगच्या वेळच्या गमती. कोणी संवाद विसरतोय, कोणाची मिशी निघून हातात येतेय.

"अहो, हे बघा, अजून चालूच आहे," वहिनी म्हणाली.

दादा दारात वळला. चौकोनात तिसरा मजला होता. पिवळा शर्ट खाली आला. धप्प. आणि या वेळी पुढे हिरो आला नाही. माणूस गादीवर पडलेला, हलत नाही. दोघं-तिघं धावले. मग तो उठून बसला. सावळा, टक्कल पडायला लागलेला, साधासा माणूस. चेहरा वेडावाकडा करून त्याने कंबर धरली.

"लागला गोळा," दादा म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

त्या माणसाने कंबरेखाली हात घातला आणि चपटी झालेली किटली बाहेर काढली. भाकरीसारखी चपटी. ती त्याने कॅमेऱ्याला दाखवली, झाकण शोधून तिच्यावर ठेवायचा प्रयत्न केला. सगळे हसताहेत. आणि नंतर तो खाली उतरला, निळ्या पट्ट्यांची गादी गुंडाळली, डोक्यावर घेतली आणि चालू लागला. आमच्या दुकानात आलेला तो घामाघूम माणूस मागून गादी ओढतोय, हा सोडत नाही, तसाच फाटकाकडे पळत सुटला. चौकोन काळा झाला.

मी म्हटलं, "दादा, तेव्हा माझं चुकलं." आता म्हटलं नाही तर कधी म्हणणार होते?

त्याने ऐकलं की नाही, देव जाणे. तो खुर्चीचा हात धरून हळूहळू खाली बसला. "बारांतली सगळ्यात वाईट गादी नेली लेकाने," तो म्हणाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता.

वहिनीला आमच्या मनातलं काहीच ठाऊक नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा तिला वाचता येतो. "पडला वाटतं एकदाचा जीव भांड्यात," ती म्हणाली.

"भांड्यात नाही गं," दादा म्हणाला, "किटलीवर."

मग त्याने मुलीला हाक मारली. "ती मधली जागा परत लाव. किटलीची." तिने लावली. कठडा तुटला, पिवळा शर्ट सुटला. दादा या खेपेला जमिनीकडे बघत नव्हता. तो त्या माणसाकडे बघत होता, वरपासून खालपर्यंत. धप्प झालं, हिरोने चहा ओतला, आणि सगळं थिएटर हसायचं तिथे आमचा दादा पहिल्यांदा हसला.