देवघरातला मुद्देमाल

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. तेव्हा मी कोरेगाव भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. लढाईत कामी आलेल्या एका जवानाचं चांदीचं शौर्यपदक त्याच्या घरातून नाहीसं झालं. पत्नीनं दिल्लीला जाऊन स्वतःच्या हातानं घेतलेलं पदक. गावात त्याच्या स्मारकाचं उद्घाटन तोंडावर आलेलं, आणि पदक छातीला लावूनच उभी राहीन, असं ती हट्टानं सांगत होती. फिर्यादीत तिनं धाकट्या दिरावर संशय घेतला. वरून फोनवर फोन.

घरातल्या सगळ्यांचे जबाब घेतले. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या घरात चोर न्हाई." दिरानं मात्र पहिल्याच दमात कबुली दिली, "मीच सांगलीत इकलं." एवढ्या लवकर कबूल होणारा माणूस बहुधा खोटं बोलत असतो, हा माझा अनुभव. तरी भर उन्हात त्याला घेऊन सांगलीची सराफी पालथी घातली. गड्याला दुकान दाखवता येईना. शेवटी एका चपलांच्या दुकानाकडं बोट दाखवलं, तेव्हा त्याला तिथंच सोडून यावंसं वाटलं.

तेवढ्यात खबऱ्यानं विट्याहून कळवलं, की परमुलखात सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करणारा एक जण जत्रेला गावी आलाय आणि त्यानं पदक गाळलंय. त्याला उचलला. तो निघाला सासूबाईंचा भाचा.

"आवं सायेब, आत्ती सोता आलती. म्हणली, माज्या लेकाचा टाक करायचाय. मी गाळून दिलं, सोनारानं टाक ठोकला. फीत तेवढी जाळू वाटली न्हाई." त्यानं खिशातून पदकाची फीत काढून दिली.

आमच्याकडं घरातलं माणूस गेलं की त्याची प्रतिमा चांदीच्या पत्र्यावर ठोकून देवात ठेवतात, तो टाक. पंच घेऊन घरी गेलो. देवघरात खंडोबाशेजारी जवान बसला होता, हळद-कुंकू लावून. दिराला सगळं ठाऊक होतं. आईसाठी खोटं बोलत होता.

सून संतापली. "आत्ती, माजं हुतं ते."

"तुला दिल्लीला न्हेलं, पदक दिलं. मला काय दिलं गं? तू त्याला पेटीत कोंडलास. मी देवात बशिवला."

मी वैतागून म्हणालो, "आजी, हा मुद्देमाल आहे. सील करून न्यावा लागेल."

म्हातारीनं टाक देवघरातून उचलला, पदरानं पुसला आणि माझ्यापुढं धरला. "न्या. पर तिकडं त्याला रोज पानी कोन घालनार?"

घरच्या चोरीत चोर हुडकणं सोपं असतं. वस्तू नक्की कोणाची, हे ठरवणं पोलिसाच्या आवाक्यातलं नसतं. त्या दिवसापासून अशा तपासात मी आधी देवघर पाहत आलो.

सुनेनं माझ्या हातातली फीत घेतली. बराच वेळ ती बोटांत फिरवत राहिली. मग सासूच्या हातातला टाक घेऊन पुन्हा खंडोबाशेजारी ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

"माजा जबाब पुन्हा लिहा, सायेब. पदक घरातच हाय."