राज्य पुरस्काराची फाइल

सडक अर्जुनीजवळच्या एका शाळेत कुंदा शहारे बाईंची अठरा वर्षं गेली होती. तालुक्याचा आदर्श शिक्षक पुरस्कार झाला, मग जिल्ह्याचा. २००९ साली राज्याच्या पुरस्कारासाठी त्या स्वतःच स्वतःची फाइल तयार करत होत्या. 'गोरगरीब लेकरांची माउली' हे शब्दही त्यांनीच लिहिले होते.

फाइलमधल्या फोटोसाठी त्यांनी तिसरीतल्या रीनाला निवडलं. पण रीना नेमकी नवाकोरा पिवळा फ्रॉक घालून आलेली.

बाई म्हणाल्या, "घरी जा, जुना फाटका घालून ये."

पोर गेली आणि खांद्यावर उसवलेला फ्रॉक घालून आली.

"मॅडम, सिरपर हाथ रखो," फोटोग्राफर म्हणाला. बाईंनी हात ठेवला.

रीनाने मान वर करून विचारलं, "बाई, माहा नवा फ्राक चांगला नव्हता का जी?"

तिच्या डोक्यावरच्या आपल्याच हाताची बाईंना किळस वाटली. त्यांनी फोटोग्राफरला परत पाठवलं आणि घरी जाऊन फाइल फाडून टाकली.

नवरा, ताराचंद, चिडला. "आता नंबर लागून राहिला, अन् कायले सोडून राहिली?"

"मले माहीच शिसारी येऊन राहिली," त्या म्हणाल्या. "पोट्टे वाचाले लागले का मले आनंद होते. तेवढा पुरे आहे मले."

पुढे त्यांनी कुठलाच अर्ज भरला नाही. वर्गात जीव पुन्हा रमू लागला. पण कुणाच्या सत्काराचं बोलावणं आलं, की त्यांचं तोंड कडू होई.