घोवाचो फोन

स्टेजवर जायच्या आधी वैनींना हमखास उलटी व्हायची. विंगेत पाण्याची बाटली घेऊन मी उभी असे. तोंड पुसत त्या म्हणायच्या, "उलटी झाली नाय, तर काळजी कर गो." मग आत जाऊन तासभर माणसांना हसवून बेजार करायच्या.

कट्टा गावात स्टँडजवळ त्यांची खानावळ होती आणि मी शेजारच्या शाळेत शिकवायचे. कार्यक्रमांना त्या माझ्या स्कूटरवर मागे बसून येत. विनोदी प्रवेश स्वतःच लिहायच्या, एकट्याच करायच्या. नवं वाक्य सुचलं की जेवायला आलेल्या गिऱ्हाइकाला वाढता वाढता ऐकवायच्या. "घास हातात रवलो म्हणजे वाक्य बरा," हा त्यांचा हिशेब. तो माणूस नुसता जेवत राहिला, तर ते वाक्य बाद.

लोकांना सगळ्यात आवडायचा तो 'घोवाचो फोन', म्हणजे नवऱ्याचा फोन. वैनींचे यजमान, प्रकाशदादा, मालवाहू बोटीवर नोकरीला. बोटीवरून फोन करणारा नवरा आधी म्हशीची चौकशी करतो, मग आंब्याच्या कलमांची, आणि बायकोचा नंबर येईपर्यंत लाइन कटते, असं त्या प्रवेशाचं सूत्र.

एकदा दादांचा फोन खरंच बंद झाला. आठवडा उलटला. बोटीच्या कंपनीच्या ऑफिसातून उत्तर एकच, बोट वादळात आहे, संपर्क होत नाही. त्यातच कुणकेश्वरचा कार्यक्रम आला. मी म्हटलं, रद्द करूया. त्या म्हणाल्या, "घरात बसान काय करू? फोनाकडे बघत रवलंय म्हणान तो वाजाचो नाय." एवढंच ठरलं, की तो प्रवेश करायचा नाही.

त्या दिवशी त्यांना उलटी झाली नाही. मला धडकी भरली.

बाकीचं सगळं नीट झालं. पण शेवटी लोक उठेचनात. "फोन, फोन" असा गलका सुरू झाला. वैनींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि फोन कानाला लावला. म्हैस झाली, कलमं झाली. लाइन कटायच्या जागी मात्र त्या थांबल्या आणि मी कधी न ऐकलेलं बोलल्या, "अवो, आयकतास मां? काय पण बोला. गाळी घाला, तरी चलात." लोक खुर्च्यांवर लोळत होते. माझ्या हातातली बाटली खाली पडली.

दोन दिवसांनी दादांचा फोन आला. बोट बंदराला लागली होती, सगळे सुखरूप होते. महिनाअखेर ते घरी आले आणि परत बोटीवर गेले नाहीत. वैनींनी तो प्रवेश पुन्हा केला नाही, कोणी कितीही विनवलं तरी.

पुढे त्यांना मुंबईत मालिकांच्या लिखाणाचं काम मिळालं. दोघांना पोचवायला मी स्टँडवर गेले, तेव्हा विचारलंच, "वैनी, तो प्रवेश का सोडलात?"

त्या म्हणाल्या, "लोक हसले मां, तेवा माका तेंचो राग इलो. ज्या लोकांका हसवचा, तेंचोच राग येवक लागलो, तर मी लिवतलंय काय?"

बस सुटली तेव्हा खिडकीच्या जागेवरून दोघांचं भांडण चाललं होतं, आणि मागच्या सीटवरचा माणूस हसायला लागला होता.