पहिली चूक पाटीवर उतरवायला लावणारे टेंभरे सर

आदरणीय टेंभरे सर यंदा साठ वर्षांचे झाले. त्यांची माझी पहिली भेट अर्जुनी मोरगाव येथील त्यांच्या दुकानात झाली. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी शिक्षण सुटल्यावर मी कामासाठी गेलो होतो. मी गुणपत्रिका पुढे केल्या. सरांनी त्या न उघडता बाजूला ठेवल्या आणि एवढेच विचारले, "नीट वाचतोस का?"

सरांच्या दुकानात इटियाडोह धरणाच्या कालव्यांवर पाण्याची पातळी मोजणारी छोटी यंत्रे तयार होतात. त्यांचे प्रोग्राम सर स्वतः लिहितात. लिहिलेला प्रोग्राम कम्पाइल करताना, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवताना, पडद्यावर चाळीस चुका आल्या, तरी ते फक्त पहिली चूक पाटीवर खडूने जशीच्या तशी उतरवायला लावतात. "बाकीची तिचीच पिलावळ होय," असे ते म्हणतात. हाताने लिहिताना चूक नीट वाचली जाते, हा माझाही अनुभव आहे.

एकदा मी ही पद्धत मोडली. यंत्राच्या नव्या सर्किट बोर्डासाठी जुना प्रोग्राम कम्पाइल करताना एक नाव सापडत नाही, अशी चूक आली. वीज गेली तरी नोंद यंत्रातल्या मेमरी कार्डावर टिकावी म्हणून फाइल खास रीतीने उघडतात. त्या रीतीचे ते नाव होते. अशी नावे आणि त्यांचे आकडे प्रणालीच्या हेडर फाइलींमध्ये ठरवून दिलेले असतात. सर गोंदियाला गेले होते. चूक पाटीवर न उतरवताच मी आमच्या मोठ्या संगणकाच्या हेडरमधला आकडा पाहिला आणि प्रोग्राममध्ये स्वतःच लिहून टाकला. चूक गेली. यंत्र कालव्याच्या टोकाच्या गावी बसवले. पडद्यावर पातळी दिसत होती, म्हणून मी कार्ड तपासले नाही.

आठवड्याने तेथील पाणी वापर संस्थेने नोंदी मागितल्या. धान निसवत होता, लोंब्या बाहेर पडत होत्या आणि टोकापर्यंत पाणी पोहोचत नव्हते. नोंदींवरून ते दाखवल्याशिवाय पाण्याची जादा पाळी मिळणार नव्हती. कार्ड कोरे निघाले. त्या बोर्डावर माझ्या आकड्याचा अर्थ 'फोल्डर असेल तरच उघड' असा होता. आमची होती फाइल. ती एकदाही उघडली नव्हती.

"हा आकडा कोठून आनला?" सरांनी विचारले.

"मोठ्या मशीनच्या हेडरमधून."

"ह्या बोर्डाले विचारलं का?"

सरांनी मोटारसायकल काढली आणि मला मागे बसवले. संस्थेच्या बैठकीत त्यांनी उभे राहून सांगितले, "नोंद नाही. चूक आमच्या दुकानाची."

अध्यक्ष म्हणाले, "सर, तुम्ही कायले माफी मागून राहिले? ह्या भाऊनं केलन ना!"

"भाऊ माह्या दुकानात बसते. दुकान माहं होय."

"मंग पानी बी दुकानातूनच सोडा!" मागून कोणीतरी म्हणाले. लोक हसले. सर हसले नाहीत.

पुढचे तीन दिवस ते सकाळ-संध्याकाळ कालव्याच्या टोकावर मोजपट्टी घेऊन उभे राहिले. प्रत्येक नोंदीखाली दोन शेतकऱ्यांच्या सह्या घेतल्या. चौथ्या दिवशी जादा पाळी मंजूर झाली. तोवर काही बांध्यांमधला, म्हणजे भातखाचरांमधला, धान वाळला होता. सर ही गोष्ट आजही कोणापासून लपवत नाहीत.

दुरुस्ती एका ओळीची होती. ही जादा नावे हवीत, असे प्रणालीला सांगणारी ओळ सगळ्या हेडरच्या आधी, फाइलच्या अगदी वर लिहायची होती. प्रणालीच्या माहितीपुस्तिकेत त्या नावाखालीच ते दिलेले होते. सरांना ते ठाऊक असणार. पण मला शोधायला अर्धा दिवस लागला तरी त्यांनी सांगितले नाही, आणि माझ्याजवळून उठलेही नाहीत.

गेल्या आठवड्यात त्याच गावचे यंत्र बदलायचे ठरले. "सर, कधी निघायचं?" मी विचारले.

"मी येऊन नाही राहिलो. तू जा."

मी पुन्हा विचारले. उत्तर तेच आले.

सरांना उत्तम आरोग्य आणि भरपूर आयुष्य मिळो, ही आम्हा सर्व शिष्यांची मनापासून इच्छा आहे. माझ्यामुळे कोणत्याही बैठकीत त्यांना पुन्हा माफी मागायला उभे राहावे लागू नये, एवढे मी पाहीन. कार्ड तपासूनच परत येईन.