पाचशे बोअरची गोळी

शिकारबंदीचा कायदा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी सांगलीला डी.एड. करत होते आणि दिवाळीच्या सुट्टीत उंब्रजजवळच्या आमच्या गावी आले होते. वडील फौजेतून सुभेदार होऊन पेन्शनीवर आलेले. रानडुकरांपासून ऊस राखायला त्यांच्याकडे परवान्याची तीनशे पंधरा बोअरची रायफल होती. तिच्यापुढे दुसरं हत्यार नाही, असं ते कुणालाही ऐकवायचे.

शेजारच्या मळ्यातल्या तात्यांकडे त्यांच्या चुलत्यांची दोन नळ्यांची शिकारी रायफल होती, पाचशे बोअरची, म्हणजे वडिलांच्या रायफलीपेक्षा कितीतरी जाड गोळीची. तात्या सत्तरीला आले होते आणि त्यांना ती विकायची होती. गिऱ्हाईक म्हणालं, आधी चालवून दाखवा. मग तात्यांनी पोलीस ठाण्यातून परवानगी काढली आणि सांगलीहून बंदुका दुरुस्त करणारे मिस्त्री बोलावले. वडिलांनी मिस्त्रींना डिवचलं, "ती नुसती आवाजाला मोठी. गोळीला वेग पायजे."

"सुभेदारसाब, वजनबी पायजे," मिस्त्री म्हणाले. "बघूया की."

मुरमाच्या खाणीत त्यांनी आंब्याच्या लाकडाच्या वीस फळ्या एकामागे एक उभ्या केल्या. वडिलांच्या गोळीनं अकरा फळ्या भेदल्या. मिस्त्रींकडे दुरुस्तीला आलेली, नळी कापून आखूड केलेली तीनशे पंधराचीच एक रायफल होती. तिच्यातून तसलंच काडतूस उडवलं, तर आवाज कान फाडणारा, पण गोळी आठव्या फळीतच अडकली. "दारू नळीभायेर जळती, जोर वाया जातो," मिस्त्री म्हणाले. आपली लांब नळी सरस ठरली म्हणून वडील खूश झाले.

मग तात्यांनी बिस्किटांच्या डब्यातून मोठं काडतूस काढलं. ते माझ्या तळहातापेक्षा लांब होतं. मिस्त्रींनी बजावलं, "खांद्याला घट्ट धरा. दोन चाप हायत, एकच वडा."

"आमाला शिकवताय व्हय?" म्हणत वडिलांनी नेम धरला.

पायाखालची जमीन हलली. धूर विरला तेव्हा वडील मुरमात बसले होते, फेटा एकीकडे आणि रायफल मिस्त्रींनी झेललेली. उजवा हात त्यांना उचलता येईना. मी धावले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना पडलेलं पाहत होते. "आण्णा, लागलं का?" त्यांना ऐकूच जात नव्हतं. ते फळ्यांकडे बघत होते.

फळ्यांची चळत आडवी झाली होती. विसाव्या फळीलासुद्धा भोक होतं, गोल, माझा अंगठा जाईल एवढं. मागच्या मुरमात मिस्त्रींनी कुदळीनं उकरलं, तेव्हा हातभर आत गोळी सापडली. ती फारशी चेपलीही नव्हती. त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली. तिच्या वजनानं मी दचकलेच.

तात्यांनी त्या भोकात बोट घालून पाहिलं. ते म्हणाले, "चुलत्यानं गव्याला असल्या तीन घातल्या. मी संगं व्हतो. तिन्ही खाऊन त्यो चालत गेला. आमी रगताच्या मागनं दुपारपतुर गेलो. नाल्यात पाण्याशी बसला व्हता, आमच्याकडं बघत."

गोळी मी मिस्त्रींना परत दिली आणि हात पदराला पुसत राहिले.

घरी आईनं वडिलांच्या काळ्यानिळ्या खांद्याला आंबेहळदीचा लेप लावला. ती आत गेल्यावर मी विचारलं, "आण्णा, लढाईत तुमी मारलेली गोळी कुठं जाती, ते बघितलं व्हतं का?"

"लांबनं मारायचो," ते म्हणाले. "जाऊन कवा बघितलं न्हाई."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी लेपाची वाटी उचलून आत गेले.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं आणि रायफल डब्यातल्या काडतुसांसकट ठाण्यात जमा केली. मिस्त्री बरोबर गेले होते. वडिलांना खांद्यामुळे जाता आलं नाही, पण रायफल खरंच जमा झाली ना, पावती मिळाली का, हे त्यांनी दोनदा विचारलं.